हिरव्या लुगड्यातल्या बाया

सोलापूरचा उन्हाळा आधी रंग खातो. मार्च संपता संपता आमच्या समोरच्या इमारतीची पिवळी भिंत दुपारी पांढरी होऊन जाते, गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या साड्यांचे निळे-जांभळे विरून जातात आणि रस्त्यावरून जाणारी रिक्षा नुसती एक थरथर होऊन निघून जाते. जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून मी उन्हाळ्यात खिडक्यांना पडदे लावत नाही, जुन्या चादरी लावते. चादरीतून झिरपणारा उजेड खोलीत तांबूस होऊन बसतो, कूलर घरघरत असतो, आणि झोप व जाग यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत मी तासन्‌तास पडून राहते. ही बाई आळशी आहे, असं घरात सगळ्यांचं मत आहे. मला ते मान्य आहे.

नेमक्या याच दिवसांत परीक्षा येतात. मी एम.ए.च्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवते आणि दरवर्षी एप्रिलमध्ये भरदुपारी कुणाचा तरी फोन येतोच. ‘‘मॅडम, ते दोन चंद्रांचं एकदा परत सांगा की. पाठ केलंय, पण डोक्यात बसंना.’’ बौद्ध प्रमाणशास्त्राचा पेपर असतो. पाहणं म्हणजे काय, पाहिलेलं खरं कधी मानायचं, चुकीचं पाहणं कशाला म्हणायचं, असले प्रश्न. मी पडल्या पडल्या सांगते. डोळ्याला रोग झालेल्या माणसाला आकाशात दोन चंद्र दिसतात, कुणाला हवेत केस तरंगताना दिसतात. जुन्या आचार्यांनी हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या घोळवलेलं आहे. मुलं लिहून घेतात आणि फोन ठेवतात. त्यांच्या दृष्टीने ते फक्त उदाहरण असतं. मला मात्र ते सांगताना दाराजवळच्या बाकड्यावर बसलेले अण्णा दिसू लागतात आणि पुढची दुपार त्यांच्यातच जाते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आता ते नाहीत. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. दृष्टी मधोमध गेली होती आणि कडेकडेने शिल्लक होती. समोरच्याचा चेहरा बघायचा तर ते नजर त्याच्या कानापलीकडे टाकायचे, म्हणजे चेहरा बाजूने थोडाफार हाती लागायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हे आपल्यामागे कुणाला बघतायत? तो वळून बघायचा आणि अण्णा खुदकन हसायचे.

त्याच डोळ्यांनी त्यांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पाडली होती. चौकटीच्या कागदावर कुणीतरी मोर रंगवून द्यायचं. अण्णा एकेक चौकट बघून जाड पुठ्ठ्याला भोकं पाडत जायचे. त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढायची आणि खाली चादरीत मोर उतरायचा. लहानपणी मी ते पुठ्ठे डोळ्याला लावून मोर शोधायची. कुठेच नसायचा. ‘‘मोर कुटं हाय मग?’’ मी विचारायची. अण्णा म्हणायचे, ‘‘तुझ्या डोक्यात.’’ मला वाटायचं, चेष्टा करतायत.

वस्तीत त्यांची आणखी एक ओळख होती, ती म्हणजे भूत उतरवणारा माणूस. अंगातलं नव्हे, डोक्यातलं. कुणाच्या घरी काही दिसलं-बिसलं अशी हाकाटी झाली की अण्णा तिथे जाऊन ठाण मांडायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, ‘‘मला तर काय दिसंना. तुमाला दिसतंय तर बोट दाखवा.’’ दर बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की त्यांचं भाषण ठरलेलं असायचं. विषयही ठरलेला. भुतं नाहीत, भानामती नाही, लिंबू सरबतासाठी असतं. ‘‘दिसतंय म्हणणारा एक तर खोटं बोलतो, न्हायतर येडा असतो!’’ या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. मी फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायची.

मला आठवत राहतो तो उन्हाळा मी एम.ए.ची परीक्षा देत होते तेव्हाचा. लग्न, मूल, मग राहून गेलेलं शिक्षण, असा उलटा प्रवास. आपल्या घरी अभ्यास होईना म्हणून पुस्तकांची पिशवी उचलून माहेरी आले होते. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दुपारी पत्रे तापून कडकड वाजायचे. आतल्या खोलीत आई शेंगा भाजायला बसली की बाहेर पडल्या पडल्या मला कळायचं. आई दिसत नाही, शेंगा दिसत नाहीत, पण वासावरून सगळं पक्कं ठाऊक. वहीत लिहिलेलंच होतं: ज्ञानाला दोनच दारं, प्रत्यक्ष आणि अनुमान. परीक्षेपुरतं हे असं नाकाने पाठ होत होतं.

एका सकाळी मंडळाची पोरं पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं सांगायला आली. अण्णा बाकड्यावरच होते.

‘‘औंदा माझं नाव घालू नका,’’ ते म्हणाले.

‘‘का ओ अण्णा? तब्येत बरी न्हाय का?’’

‘‘तब्येत बरी हाय. भाषण जमणार न्हाय.’’

पोरं माझ्याकडे बघायला लागली, जणू मला माहीत होतं. अण्णांनी भाषणाला नाही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आतल्या खोलीतला लाटण्याचा आवाज थांबला होता. पोरं चहा न घेताच गेली.

त्या घराच्या खिडकीला लाकडी झडप होती आणि झडपेला एक भोक होतं. दुपारी झडप लावून अंधार केला की त्या भोकातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा आणि त्यात अख्खी गल्ली उलटी चालायची. पाय वर, डोकं खाली अशी सायकल जायची, उलटा कुल्फीवाला उभा राहायचा. लहानपणी तो माझा फुकटातला सिनेमा होता. आता वाटतं, मनाचंही असंच असणार. आपण खोलीत पडून भिंत बघत असतो आणि त्यावरून गल्लीत कोण चाललंय याचा अंदाज बांधत असतो. गल्लीत जाऊन कुणी पाहिलेलं नसतं. दुपारच्या सुस्तीत हा विचार फार खरा वाटतो, संध्याकाळी भाजी आणायला उतरलं की विसरतो.

त्या दुपारी अण्णा त्याच भिंतीकडे एकटक बघत होते.

‘‘अण्णा, दिसतोय का अजून सिनेमा?’’ मी सहज विचारलं.

ते केवढ्यानं दचकले. ‘‘कसला सिनेमा?’’

‘‘भोकातला.’’

‘‘हां. त्यो व्हय.’’ मी पुन्हा वहीत डोकं घातलं. तेव्हा अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी मला नावानं हाक मारून विचारलं, ‘‘मित्रा, त्या फळीवर कोन बसलंय गं?’’

भिंतीवरच्या फळीवर डाळीचे डबे होते. मी तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर आधीच ठाऊक होतं, आणि तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी नुसत्या चौकटी दिसायला लागल्या होत्या. भिंतीवर, ताटावर, आईच्या पाठीवर, नक्षीच्या कागदासारख्या बारीक चौकटी. मग चौकटींत फुलं भरली. मग एक दिवस बाया आल्या. वीतभर उंचीच्या, हिरव्या लुगड्यातल्या, ओळीनं बसलेल्या. बोलत नव्हत्या, काही मागत नव्हत्या. मधूनच एखादी पदर सावरायची. लुगड्याचा काठसुद्धा स्पष्ट दिसायचा, आणि माझ्या अण्णांना माझा चेहरा दिसत नव्हता.

‘‘भ्या वाटतं का त्यांचं?’’ मी विचारलं.

‘‘त्यांचं न्हाय.’’ अण्णा म्हणाले. ‘‘जल्मभर लोकांला सांगितलं, दिसतंय म्हणणारा खोटं बोलतो न्हायतर येडा असतो. मी खोटं तर बोलंना. मग काय ऱ्हायलं, सांग की.’’

एवढा मोठा माणूस, अर्ध्या वस्तीची भीती ज्यानं घालवली, तो स्वतःच्या घरात स्वतःच्या मनाला घाबरून गप्प बसला होता आणि भाषणाला नाही म्हणत होता. कुणाला सांगणार? भूत दिसतं म्हणून सांगायला माणसं त्यांच्याकडेच यायची.

आईनं ऐकलं होतंच. पातळ भिंतीच्या घरात गुपित कसलं राहतंय! दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचा डोळा लागलेला बघून तिनं मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि त्यांच्यावरून उतरवायला लागली. आमच्या घरात हे कधीच झालं नव्हतं. आपल्यात चालत नाही, एवढं एक वाक्य मी तिच्याकडूनच शिकले होते. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड उघडलं नाही. मग तिनं आत जाऊन ते सगळं निखाऱ्यावर टाकलं आणि घरभर असा खकाणा उठला की आम्ही तिघंही खोकून खोकून बेजार झालो. अण्णा उठून बसले.

‘‘मिरच्या जाळल्यास व्हय गं?’’

आई दारात उभी. डोळ्यांतून पाणी, ते मिरच्यांचं की कशाचं कोण जाणे. ‘‘मग काय करू? बघवंना मला,’’ ती म्हणाली.

मला वाटलं, आता अण्णा चिडणार. ते खोकत राहिले आणि मग हसायला लागले. ‘‘अगं, नजर लागलेली असली तर मिरच्यांचा खाट-ठसका येत न्हाय म्हणत्यात न्हवं? हितं तर जीव चाललाय. म्हणजे त्यांच्याच शास्त्रानं मी निर्मळ हाय की!’’ आईला हसू आवरेना आणि रडूही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी मोकळं हसलं ते तेव्हा पहिल्यांदा. पण संध्याकाळी ते पुन्हा फळीकडे बघत बसले. बाया गेल्या नव्हत्या.

मी माझ्या परीनं उपाय केला. अंधारात दोरीला साप समजलेला माणूस, दिवा जवळ नेला की साप जातो, एवढं मला येत होतं. अण्णांचा हात धरून मी त्यांना फळीपाशी नेलं. एकेक डबा त्यांच्या बोटांना लावला. ‘‘ही तूरडाळ. ही मसूर. बघा, कुणी नाही ना?’’

‘‘डबं हायत,’’ अण्णा शहाण्या पोरासारखे म्हणाले. ‘‘बाया बी हायत.’’

‘‘पण हाताला लागल्या का?’’

‘‘न्हाय. मला ठावं हाय गं, त्या न्हाईत. ठावं हाय तरी दिसत्यात. त्येच तर.’’

त्यांच्या त्या ‘त्येच तर’पाशी मी अडकले. वह्या काढल्या, पुस्तकं पसरली. आणि जे पान मी परीक्षेला येईल म्हणून नुसतं घोकलं होतं, ते पहिल्यांदा वाचलं. दोरीवरचा साप ही मनाची चूक असते. मन घाईनं नाव ठेवतं, आणि नीट बघितलं की नाव मागे घेतं. दोन चंद्र मात्र तसे नसतात. चंद्र एकच आहे हे पक्कं ठाऊक असलेल्यालाही ते दोनच दिसत राहतात, कारण चूक डोळ्यात आहे, मनात नाही. दार वाकडं झालं म्हणून घरातला माणूस वाकडा होत नाही. समजावून ते दोन चंद्र जायचे नाहीत, आणि गेले नाहीत म्हणून माणूस वेडाही ठरत नाही. असं मी अण्णांना माझ्या भाषेत वाचून दाखवलं. पत्रे कडकडत होते. आई दारात भांडं पुसत उभी राहिली होती.

‘‘परत वाच,’’ अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं.

‘‘कवाचं हाय हे?’’

‘‘फार जुनं. आपल्याच आचार्यांनी लिहिलेलं.’’

‘‘म्हणजे तवाबी असली माणसं हुती.’’ त्यांनी लांब श्वास सोडला. ‘‘आन्‌ त्यांला कुणी येडं म्हणलं न्हाय.’’

पुस्तकातलं वाचून बाप बरा होत नसतो, एवढी अक्कल मला होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णांनी सगळं सांगितलं, आधी चाचरत, मग काठाच्या नक्षीसकट. बाईंना जरासुद्धा नवल वाटलं नाही. ‘‘दृष्टी गेलेल्या बऱ्याच जणांना दिसतं, काका. डोळ्याकडून काही येईना झालं की मेंदू आपल्याजवळचं काढून बसतो. डोकं ठणठणीत आहे तुमचं.’’ एका परदेशी माणसाच्या नावानं त्याला नाव होतं, ते अण्णांनी मला दोनदा म्हणायला लावलं. नाव असलेली गोष्ट आहे याचाच त्यांना आनंद झाला होता. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, ‘‘आपल्याजवळचं काढून बसतो म्हणाली. माझ्याजवळ दुसरं काय असणार? चौकटी आन्‌ फुलं.’’

त्यानंतरच्या दुपारी आठवतात त्या स्वप्नासारख्या. मी वाचायची, अण्णा मधूनमधून बातमी द्यायचे. आज बाया पाच हायत. आज एकीनं लेकरू आणलंय. आई आतून विचारायची, ‘‘जेवल्या का त्या?’’ आम्ही हसायचो. पाहण्याच्या अगदी पहिल्या क्षणाला नाव नसतं, असं माझ्या पुस्तकात होतं. नुसता हिरवा रंग असतो, हालचाल असते, मग मन मागून येऊन ‘बाई’ म्हणतं, ‘लुगडं’ म्हणतं. अण्णा तो पहिला क्षण पकडायचा प्रयत्न करत बसायचे. ‘‘आत्ता नुसतं हिरवं हुतं, बघ. लगेच बाई झाली. लई चपळ असतंय मन.’’ परीक्षेला बसणारी मी होते आणि अभ्यास दोघांचा चालला होता. इतक्या सुखाच्या दुपारी मला पुढे फार मिळाल्या नाहीत.

एक दिवस मी वाचता वाचता थबकले. जे दिसण्याजोगं असून दिसत नाही, ते तिथे नाही असं म्हणता येतं. पण जे मुळात दिसण्याजोगंच नाही, त्याच्याबद्दल नुसतं ‘दिसत नाही’ एवढ्यावरून बोलू नये. उदाहरण दिलं होतं पिशाचाचं. मी ते गाळून पुढे जाणार होते. अण्णांनी पकडलं.

‘‘थांबलीस का?’’

वाचावंच लागलं. ऐकून ते मांडीवर थाप मारून हसत सुटले. ‘‘म्हणजे मी घरोघरी बसून ‘मला दिसंना, म्हणून भूत न्हाय’ म्हणत हुतो, त्ये पक्कं न्हवतंच की! आन्‌ दिसतंय म्हणणारा येडा, त्ये बी न्हाय.’’ हसता हसता ते गंभीर झाले. ‘‘इतकी वर्सं टाळ्या घेतल्या गं त्या वाक्याला.’’

‘‘जाऊ द्या हो अण्णा.’’

‘‘जाऊ कसं देऊ? पोरांला निरोप धाड. म्हणावं, नाव घाला.’’

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. दिवसभर तापलेली जमीन सतरंजीखालून अजून ऊन सोडत होती. खिरीच्या पातेल्यावरून वेलदोड्याचा वास येत होता. वंदना झाली. मी अण्णांना हाताला धरून माईकपाशी नेलं आणि बाजूला उभी राहिले. लोक हसले तर? पुढच्या पौर्णिमेपासून पोरं त्यांच्या मागे नकला करायला लागली तर? आई बायकांमध्ये बसली होती, मान खाली घालून.

‘‘दरवर्सी मी हितं सांगितलं,’’ अण्णा म्हणाले, ‘‘दिसतंय म्हणणारा एक तर खोटं बोलतो, न्हायतर येडा असतो.’’

सवयीनं काही टाळ्या पडल्या. अण्णांनी हात वर केला.

‘‘टाळ्या नकोत. त्ये मी चुकीचं सांगितलं. मला दिसतंय.’’

आईनं मान वर केली.

‘‘आत्ता बी दिसतंय. तुमच्या डोक्यांवर हिरव्या लुगड्यातल्या बाया बसल्यात. त्या न्हाईत, मला पक्कं ठावं हाय. भूत न्हाय, भानामती न्हाय, देवाचं-बिवाचं काय न्हाय. माझं डोळं गेलं, म्हणून डोकं चित्रं काढतंय. डॉक्टरीणबाई बी हेच बोलल्या, आन्‌ आपल्या जुन्या आचार्यांनी बी हेच लिहून ठिवलंय. दिसणाऱ्याला येडा म्हणू नका. त्याला डोळ्याच्या दवाखान्यात न्या, आन्‌ त्याच्याजवळ बसा. एवढंच माझं भाषण.’’

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं. अण्णा माईकचा दांडा धरून तसेच उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं सगळं, यांना आता घरी न्यावं.

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून एक म्हातारी सुनेच्या खांद्याचा आधार घेत उठली. शेवंताबाई. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले होते. वस्तीत ती कुणाशी फारसं बोलत नसे.

‘‘मला पोरं दिसत्यात, अण्णा,’’ ती म्हणाली. ‘‘बारकी बारकी. टोप्या घातलेली.’’

सून तिच्याकडे बघतच राहिली.

‘‘कवापासनं, बाई?’’ अण्णांचा आवाज माईकमधून घुमला.

‘‘लई वर्सं झाली.’’

‘‘मग कुणाला बोलला का न्हाय?’’

‘‘तुमीच सांगत हुता की ओ, दरवर्सी,’’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ‘‘मी हितंच बसायची, मागं.’’

अण्णांनी माईक सोडला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बसलेल्या माणसांच्या खांद्यांना चाचपत, वाट विचारत ते एकटे मागच्या रांगेपर्यंत गेले आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले. दोन्ही हात जोडले.

‘‘चुकलं माझं, बाई,’’ ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, ‘‘टोप्या कुटल्या रंगाच्या हायत?’’

‘‘तांबड्या,’’ शेवंताबाई म्हणाली. ‘‘लई ग्वाड हायत ओ पोरं,’’ आणि तोंडाला पदर लावून ती सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडायला लागली.